हात पोचेल तिथवर

जुनी शिडाची बोट बघायला आलेला माणूस आधी वर बघतो. डोलकाठी सरळ आहे ना, शीड पांढरं आहे ना, केबिनमधलं सागवान चकाकतंय ना. मला कुणी सल्ल्यासाठी सोबत नेलं तर मी आधी केबिनमधल्या पायाखालच्या फळ्या उचलायला सांगतो. फळ्या सहज निघाल्या, खाली तळ कोरडा दिसला, तळातल्या व्हॉल्व्हच्या मुठी हाताने फिरल्या, तर बाकीचं निवांत बघता येतं. फळ्याच निघत नसतील, स्क्रूंची डोकी झिजून गुळगुळीत झाली असतील, तर समजावं की इथे कित्येक वर्षांत कुणाचा हात गेलेला नाही. जुन्या बोटीत पाणी शिरतं ते बहुतेक वेळा अशाच जागेतून.

माझी सगळी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली. निवृत्त झाल्यावर एका मित्राबरोबर भागीदारीत अठ्ठावीस फुटी बोट घेतली. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये बांधलेली, फायबरची, एका डोलकाठीची. मुंबई बंदरात बऱ्याच मालकांच्या हातून फिरून ती आमच्याकडे आली आणि आम्ही ती करंजाच्या खाडीत नेऊन ठेवली. तेव्हापासून तिच्यावर काम चालू आहे. लोक विचारतात, काम संपलं का? जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही. व्यापारी जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा पाण्याबाहेर तपासावा लागतो, दर पाच वर्षांनी मोठा सर्व्हे होतो, आणि सर्व्हेअर आला की त्याला ‘चांगलं चाललंय’ हे उत्तर चालत नाही. तो म्हणतो, उघडा. पंप उघडा, व्हॉल्व्ह उघडा, टाकीचं मॅनहोल उघडा. उघडलेलं बघून तो सही करतो. ही एक सवय मी नोकरीतून सोबत आणली, आणि या बोटीवर जे काही केलं ते सगळं तिच्यातूनच निघालं.

अडचण अशी की या बोटी उघडता येतील अशा बांधलेल्याच नव्हत्या. त्या काळात फायबरच्या बोटी साच्यातून एकामागून एक निघू लागल्या होत्या. तळाचा एक साचा, डेकचा एक, आणि आतल्या बाकांसाठी, स्वयंपाकाच्या ओट्यासाठी तिसरा. हा आतला भाग बसवला की त्याच्यामागचे बोल्ट, पाइप, वायरी कायमच्या झाकल्या जात. नव्या बोटीला ते शोभतं. चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच भिंतीमागे काय चाललंय हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून आमची पहिली काही वर्षं भोकं पाडण्यात गेली. बाकांच्या पोटात, कपाटांच्या पाठीत, जिथे जिथे बोल्ट असणार असा अंदाज होता तिथे गोल कापून झाकणं बसवली. बोट सजवायची अपेक्षा धरून आलेल्या पाहुण्यांना हे बघून वाईट वाटायचं. माझ्या भागीदारालाही सुरुवातीला वाटलं. पण एका झाकणामागे तळाच्या व्हॉल्व्हचा रंग बघितल्यावर त्यानेच पुढची जागा आखून दिली.

तो व्हॉल्व्ह पितळी होता आणि त्याचा रंग गुलाबी पडला होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा स्पंजासारखा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, आटे तेच, वजनही हाताला फारसं कमी जाणवत नाही. कानशीने थोडं घासलं की पिवळ्याऐवजी गुलाबी दिसतं. असा व्हॉल्व्ह एखाद्या दिवशी मूठ फिरवताना हातात तुटून येतो. दीड इंचाचं भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल तर मिनिटाला शंभराहून जास्त लिटर पाणी आत येतं. हाताचा पंप मारून त्याला कुणी पुरे पडू शकत नाही. आम्ही सगळे पितळी व्हॉल्व्ह काढले आणि ब्राँझचे बसवले. प्रत्येकाच्या मागे फायबरचा जाड गादीसारखा थर दिला, आणि प्रत्येकाशेजारी त्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवली. व्हॉल्व्ह गेलाच तर अंधारात चाचपडत शोधायला नको.

त्याहून मोलाचं काम म्हणजे भोकंच कमी करणं. जुन्या मालकांनी आपापल्या सोयीने तळात भोकं पाडली होती. एक धुण्याच्या बेसिनसाठी, एक कुठल्या तरी काढून टाकलेल्या यंत्रासाठी. ती आम्ही कायमची बुजवली. यात घाई चालत नाही. भोकाच्या कडा ग्राइंडरने घासून लांब उतार करायचा, तळाच्या जाडीच्या बारापट रुंदीचा, आणि मग त्या उतारावर फायबरच्या कापडाचे एकावर एक वाढत जाणारे थर द्यायचे. नुसतं बूच मारून वर पुट्टी फासली तर ती जागा तळाशी कधीच एकजीव होत नाही. मी नवीन सोयींचा हिशेब याच मापाने करतो. बोटीत कुणी काही बसवायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, यासाठी तळाला भोक पाडावं लागणार का.

तळाचं खरं दुखणं मात्र वेगळंच निघालं. पहिल्यांदा बोट वर घेऊन तळ खरवडला तेव्हा पाण्याखालच्या भागावर नाण्याएवढे फोड दिसले. एक फोडला, त्यातून चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरसारखा वास सुटला. फायबरच्या जुन्या बोटींचा हा ओळखीचा आजार. पॉलिएस्टर रेझिन दिसायला घट्ट असलं तरी वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्यातून ओलावा आत शिरतो. आत रेझिनचे न जुळलेले घटक असतात, ते त्या पाण्यात विरघळतात, आम्लधर्मी द्रव तयार होतो. तो बाहेरून आणखी पाणी ओढून घेतो, दाब वाढतो आणि वरचा जेलकोटचा थर फुगतो. यामुळे बोट उद्या बुडत नाही. त्या काळच्या अनेक बोटींचे तळ चांगले जाड आहेत. पण हे वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर थर एकमेकांपासून सुटायला लागतात.

उपाय सगळ्या पुस्तकांत दिलेला आहे. फोड उघडा, जेलकोट काढा, तळ सुकवा, मग इपॉक्सीचे थर द्या. ही पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली तिथे उन्हाळ्यात शीड उभारतात आणि थंडीत बोटी किनाऱ्यावर ठेवतात. आपल्याकडे सगळं उलटं. ऑक्टोबर ते मे हा आपला शिडाचा मोसम. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बोट वर, ताडपत्रीखाली. म्हणजे आपली बोट पाण्याबाहेर असते तेव्हा हवाच पाण्याने भरलेली असते. पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेला तळ जितका ओला वर आला तितकाच ओला परत खाली जातो, कधी कधी जास्तच. पुस्तकाच्या वेळापत्रकाने चाललं तर करंजात फायबरचा तळ कधीच सुकणार नाही.

म्हणून आम्ही एक अख्खा हिवाळा सोडला. लोक दिवाळीनंतर बोटी पाण्यात टाकत होते तेव्हा आम्ही आमची बाहेर काढली. भागीदाराला हे जड गेलं, कारण डिसेंबर-जानेवारीत सकाळचे मतलई वारे आणि दुपारनंतरचे खारे वारे यांच्यात मुंबई बंदरात जे शिडाचं सुख मिळतं ते वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्यांत मिळत नाही. पण दुसरा रस्ता नव्हता. जेलकोट काढल्यावर तळ गोड्या पाण्याने धुवायचा, वाळवायचा, पुन्हा धुवायचा. ओला आहे म्हणून सुकवायला घेतलेल्या तळावर पाणी मारताना बघून आजूबाजूचे लोक बुचकळ्यात पडायचे. पण फोडांत जे विरघळलेले घटक असतात ते ओलावा धरून ठेवतात, आणि ते धुऊन काढल्याशिवाय तळ कितीही दिवस उन्हात ठेवला तरी आतून दमटच राहतो. मीटर लावून आकडे लिहून ठेवत होतो, पण माझा जास्त विश्वास एका साध्या परीक्षेवर होता. पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने तळावर लावायचा आणि ऊन चढू द्यायचं. आतून धुकं धरलं तर तळ अजून ओला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चौकोन स्वच्छ राहायला लागले.

मग इपॉक्सी. इथेही हवेशी झगडा. इपॉक्सी मिसळली की तिचं घड्याळ सुरू होतं आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की काम करायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो. डब्यात ढीग करून ठेवली तर स्वतःच्याच उष्णतेने धुरावते, म्हणून पसरट ट्रेमध्ये थोडी थोडी मिसळायची. पहाटे तळावर दव असतं, तेव्हा हात लावायचा नाही. दुपारी ऊन तापत असताना लावली तर तळातली अडकलेली हवा प्रसरण पावून वर येते आणि थरात बारीक बुडबुडे उठतात. ऊन उतरायला लागलं की तीच हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते. तेव्हा लावायची वेळ म्हणजे दुपार कलल्यापासून संध्याकाळचा दमटपणा यायच्या आतली. दुसऱ्या दिवशी पुढचा थर द्यायच्या आधी मेणासारखा जो चिकट पापुद्रा पृष्ठभागावर येतो तो पाण्याने घासून धुवायचा, नाहीतर वरचा थर धरत नाही. आमचा फायबरवाला या कामात माझ्यापेक्षा किती तरी मुरलेला. तो मासेमारीच्या बोटींना फायबरचं आवरण चढवण्याचं काम करत मोठा झाला. तळहात तळावर ठेवून तो सांगायचा, ‘काका, अजून घाम आहे, एक तास थांबू.’ मी मीटर लावून बघायचो आणि थांबायचो.

डेकचं काम त्यानेच ओळखलं. डेकच्या फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असतो, म्हणजे डेक हलका राहतो आणि कडकही. तो छोट्या हातोडीच्या दांड्याने ठोकत डेकभर फिरला. चांगल्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी बद्द. खडूने त्याने जे बेटांसारखे आकार काढले ते सगळे कठड्याच्या खांबांच्या बोल्टांभोवती होते. बोल्टाभोवतीचं सील वाळून फाटतं, पावसाचं पाणी थेंब थेंब आत जातं आणि गाभ्यात बसून राहतं. वरचा थर कापून उचलला तर आत लाकडाऐवजी तपकिरी चिखल होता. तो खरवडून काढला, बाजूची ओल सुकू दिली, नवा गाभा भरला. नंतर प्रत्येक बोल्टाचं भोक मुद्दाम मोठं करून पूर्ण इपॉक्सीने भरलं आणि त्या घट्ट इपॉक्सीतून नवं भोक पाडलं. आता सील फाटलं तर पाणी केबिनमध्ये टपकेल, उशीवर पडेल, दिसेल. गाभ्यात जाऊन लपणार नाही. माझ्या मते डेकच्या दुरुस्तीतली हीच खरी सुधारणा.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या पट्ट्या डेकमधून खाली उतरून कपाटामागच्या फायबरच्या आडभिंतींना बोल्टने जोडलेल्या होत्या. बाहेरून चकचकीत. स्टेनलेस पोलादाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. त्याचं गंजापासून रक्षण करतो तो त्याच्यावरचा अगदी पातळ ऑक्साइडचा थर, आणि त्या थराला टिकायला हवेतला किंवा वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. ओलं आणि कोंदट अशा जागी, म्हणजे नेमकी डेकच्या जाडीत जिथे पट्टी सीलमध्ये घुसलेली असते तिथे, तो थर मोडतो आणि चिरेसारखा गंज आत शिरतो. जे उघड्यावर आहे ते लखलखतं, झाकलेलं खचतं. पट्ट्या काढून मी जहाजावरची जुनी तपासणी केली. लाल रंग फवारायचा, पुसून काढायचा, पांढरी भुकटी मारायची. चीर असेल तर लाल रेघ वर उमटते. उजवीकडच्या मधल्या पट्टीवर केसाएवढी रेघ आली, अगदी डेकच्या पातळीवर. खंडेरीच्या बाहेर दुपारच्या वाऱ्यात ती तुटली असती तर डोलकाठी पडायला काही सेकंद लागले असते. नव्या पट्ट्या आम्ही बोटीच्या बाहेरच्या अंगाला लावल्या. दिसायला जुनाट वाटतात असं काही जण म्हणतात. मला त्या रोज दिसतात, एवढ्यासाठीच मला आवडतात.

ताराही बदलल्या. स्टेनलेसच्या तारा दहा वर्षांच्या आसपास बदलाव्यात असा प्रघात आहे, आणि आमच्या तारांचं वय कुणालाच माहीत नव्हतं. तारेचं टोक यंत्राने दाबून बसवता येतं, ते स्वस्तही पडतं. पण ते दाबणारं यंत्र करंजात नाही, अलिबागेत नाही, आणि समुद्रात तर नाहीच. आम्ही दोन पान्यांनी बसवता येतील अशी टोकं घेतली. महाग आहेत, पण उघडून आतल्या तारा बघता येतात, एक सुळकी बदलून पुन्हा बसवता येतात. एक जास्तीची लांब तार आणि दोन टोकं बाकाखाली कायम असतात.

जुन्या बोटीच्या दुरुस्तीची गोष्ट काढली की मला ‘सुहेली’ आठवतेच. बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची ही सागवानी बोट मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली. व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने ती बांधून घेतली, आणि ज्यांनी ती घडवली ते आपल्याकडचे सुतार तासणी आणि हाताने फिरवायच्या गिरमिटाने काम करणारे होते. १९६८ च्या जूनमध्ये तो इंग्लंडच्या फाल्मथहून एकटा निघाला आणि १९६९ च्या एप्रिलमध्ये, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस होऊन तिथेच परतला. त्या सफरीत अटलांटिकमध्येच, कील आणि तळाच्या फळ्या जिथे जुळतात तिथून बोट गळायला लागली. तो पाण्यात उतरला, श्वास रोखून फटींत कापूस ठोकला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा खिळ्यांनी मारला. त्याला हे जमलं कारण ती बोट बांधली जात असताना तो तिच्याजवळ होता, कुठली फळी कुठे जुळते ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पुढे कितीतरी वर्षांनी, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्याने तिचे झिजलेले लोखंडी जोड बदलण्याचं काम स्वतः राबून केलं. सागवान तसंच उत्तम होतं, लोखंड गेलं होतं. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेही आधी गोव्यात ती बोट बांधली जात असताना यार्डात राबले होते. विक्रमांपेक्षा मला या दोघांची हीच बाजू मोठी वाटते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. माझा विषय असूनही थोडक्यात, कारण डिझेल इंजिन साधं आणि प्रामाणिक असतं, स्वच्छ तेल, स्वच्छ डिझेल आणि थंड पाणी मिळालं की तक्रार करत नाही. पण आमच्या खाडीत थंड पाणी म्हणजे गाळाचं पाणी. जुन्या इंजिनात समुद्राचंच पाणी थेट इंजिनाच्या पोटातून फिरायचं. सिलिंडरभोवतीच्या वाटा मीठ आणि गाळाने बुजल्या होत्या, तारेने टोचून टोचून मोकळ्या केल्या. नंतर हीट एक्स्चेंजर बसवला. आता इंजिनात गोडं पाणी फिरतं, खारं पाणी फक्त एक्स्चेंजरपर्यंत येतं, आणि त्याची नळकांडी बाहेर काढून साफ करता येते. पाणी आत येतं त्या जागी पारदर्शक झाकणाची गाळणी आहे, पायरी उचलली की समोर. बंदरात प्लॅस्टिकच्या पिशव्या इतक्या आहेत की निघण्याआधी आणि पोचल्यावर ती बघणं हा आमचा नेमच झाला आहे.

विजेच्या कामात मोह फार. फ्रिज, टीव्ही, खारं पाणी गोडं करणारं यंत्र, सगळं छोट्या बोटीसाठी मिळतं. आम्ही दोन गोष्टींवर खर्च केला. पहिली, दिवे. डोलकाठीवरचा पंचवीस वॅटचा जुना बल्ब बारा तास जळला की बॅटरीतले पंचवीस अँपिअर-तास खाऊन टाकायचा. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शात भागवतो. आहे त्या बॅटरीची ताकद एका दिव्याने अशी वाढली. दुसरी, मोठ्या जहाजांना आपली जागा कळवणारं एआयएस. न्हावा-शेव्याला येणारं कंटेनरचं जहाज वळायला जागा नसलेल्या वाटेतून येत असतं. मी अशा जहाजांवर होतो, तिथल्या ब्रिजवरून अठ्ठावीस फुटी बोट किती दिसते ते मला ठाऊक आहे. वायरी मात्र सगळ्या नव्याने घातल्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या, कारण साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळं पडत जातं. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर, आणि तो नंबर वहीत. समुद्रातले कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे खांब आणि बोये चुकवायला मात्र कुठलंही यंत्र कामाचं नाही. तिथे नाळेवर बसलेला माणूसच लागतो.

शिडांचं एवढंच सांगतो की आपल्या उन्हात कापडाआधी शिवण मरते. कापड ठणठणीत दिसतं आणि नखाने ओढलं की दोरा तुटतो. दर मोसमाला सगळ्या शिवणी नखाने तपासायच्या आणि वेळेवर पुन्हा मारून घ्यायच्या. शीड उतरवलं की लगेच झाकायचं, चहा नंतर.

क्रेन आणि यार्डाच्या खर्चाने पुष्कळ लोक जुन्या बोटी सोडून देतात. आम्हाला तो प्रश्न एका तांडेलाने सोडवून दिला. आमच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो, भांगाला तो बराच कमी. तो म्हणाला, ‘काका, उधाणाच्या भरतीला वर चढवा. पुढे भांगाचं पाणी तिथवर पोचतच नाही. आठवडाभर बसून काम करा, पुढच्या उधाणाला आपोआप तरंगेल.’ त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. जागा त्याने निवडली, जिथे वरून चिखल असला तरी खाली टणक मुरूम लागतो. ओंडक्यांचे टेकू कुठे द्यायचे, कुठल्या टेकूखाली फळी ठेवायची, हे त्याने पाणी उतरत असताना कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सांगितलं. आमच्या बोटीची कील लांब आणि बसकी असल्यामुळे ती नीट उभी राहते. तळ घासणं, बार्नॅकल काढणं, तांब्याचा अँटिफाउलिंग रंग देणं, प्रोपेलरचं बेअरिंग बदलणं, हे सगळं आता तिथेच होतं. एकच अट, काम उधाणाच्या आत संपलं पाहिजे. नाही संपलं तर पंधरा दिवस पुढच्या उधाणाची वाट बघा. हा दट्ट्या असल्यामुळे कामाची यादी आधी कागदावर पक्की होते, सामान आधी आणलं जातं, आणि फायबरवाल्यासकट सगळे वेळेवर येतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा माणसं मोकळी मिळतात, पण त्या दिवसांत इपॉक्सी आणि रंगाचं काम मी काढत नाही. तेव्हा सुतारकाम, दोरखंड आणि इंजिन.

मी एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात बोटीची उभी-आडवी चित्रं आहेत आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, बोल्ट, वायर, नळी कुठल्या झाकणामागे आहे, केव्हा उघडली, काय दिसलं, काय घातलं, हे लिहिलेलं आहे. भागीदाराचा मुलगा आता येऊ लागला आहे. त्याला मी वही वाचायला देत नाही. बोट बघ आणि तुझी वही तू काढ, म्हणतो, मग दोन्ही ताडून बघतो. मागच्या वेळी त्याच्या वहीत एक जागा माझ्यापेक्षा जास्त निघाली. सुकाणू. माझ्या वहीत सुकाणूचं बाहेरचं बेअरिंग होतं, आतलं काहीच नव्हतं. त्याने विचारलं, ‘काका, ह्याच्या आत काय आहे?’

आत पोलादी दांडा आहे, त्याला जोडलेल्या पट्ट्या आहेत, भोवती फोम आणि वर फायबरच्या दोन अर्ध्या कवच्या. ते जोड आजवर कुणी पाहिलेले नाहीत. गेल्या वेळी वर घेतल्यावर आम्ही सुकाणूच्या खालच्या टोकाला बारीक भोक पाडलं. तासभर पाणी ठिबकत राहिलं, गंजाच्या रंगाचं. म्हणजे दिवाळीनंतरच्या पहिल्या उधाणाला बोट वर चढवायची आणि एका बाजूची कवची कापून जोडांवर लाल रंग मारायचा. चीर निघाली तर नवा दांडा मुंबईहून करून आणायचा. तो तयार नसेल तर पुढचं उधाण चुकणार हे धरूनच चालायचं. जयगडला जायचा बेत मुलाने स्वतःच पुढे ढकलला. सुकाणू खाली उतरवायला दांड्याच्या लांबीइतकी जागा लागते, म्हणून बोटीखाली खड्डा खणावा लागणार. मुरूम लागेपर्यंत किती खोल जाता येईल आणि भरतीचं पाणी त्या खड्ड्यात किती येईल, ते बघायला तांडेल येत्या ओहोटीला पहार घेऊन येतोय.